पूर्ण चौकटीतला चॅप्लिन: म्युच्युअलच्या बारा मूकपटांचा संच

चार्ली चॅप्लिनने १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत म्युच्युअल फिल्म कॉर्पोरेशनसाठी केलेले बारा विनोदी मूकपट अमेरिकेतील फ्लिकर अ‍ॅली या संस्थेने २०१४ मध्ये ब्लू-रे आणि डीव्हीडी अशा दोन्ही स्वरूपांत एका संचात प्रसिद्ध केले. संच बाजारात नवा नाही. परंतु बडोद्यात, दांडिया बाजारातील आमच्या घरी तो अलीकडेच आला आणि घरातल्या मंडळींनी, पुढे शेजारच्या मुलांनीही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. विनोदी मूकपट म्हणजे धुरकट चित्र, उगाचची पळापळ आणि पोरकट मारामारी, अशी जी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, तिला हे चित्रपट फारसे जबाबदार नाहीत. आपल्यापर्यंत पोहोचलेल्या त्यांच्या खराब प्रती जबाबदार आहेत. हा संच पाहिल्यावर माझे हे मत पक्के झाले, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

हे बारा चित्रपट चॅप्लिनच्या कारकिर्दीत कुठे बसतात, हे थोडक्यात सांगायला हवे. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्याने म्युच्युअलशी करार केला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. आठवड्याला १०,००० डॉलर आणि सहीच्या वेळचे १,५०,००० डॉलर वेगळे, असा तो करार त्या काळी जगभर चर्चेचा विषय झाला. हॉलिवूडमधील लोन स्टार हा स्टुडिओ त्याच्या हाती आला, एडना पर्व्हायन्स, एरिक कॅम्पबेल, अल्बर्ट ऑस्टिन, हेन्री बर्गमन अशी कायमची नटमंडळी जमली, आणि प्रत्येकी दोन रिळांचे, म्हणजे साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे, चित्रपट तयार होऊ लागले. पहिले आठ १९१६ च्या मे ते डिसेंबर या काळात झपाट्याने आले. उरलेल्या चारांना मात्र पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडला, कारण चॅप्लिन आता एकेका प्रसंगावर अधिकाधिक वेळ घालवू लागला होता. हा कारकिर्दीतील सर्वांत आनंदाचा काळ होता, असे त्याने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि ‘ईझी स्ट्रीट’ किंवा ‘द क्यूअर’ पाहताना ते सहज पटते.

अमेरिकेतील मूकपटांची गोष्ट एरवी नाशाची आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथे तयार झालेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपातील संपूर्ण ३५ मिलिमीटर प्रत शिल्लक आहे ती अवघ्या १४ टक्क्यांची. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेणारी, आणि नीट न ठेवल्यास डब्यातल्या डब्यात चिकट होऊन शेवटी भुकटी होणारी. चॅप्लिनच्या या लघुपटांवर वेगळेच संकट आले. ते हरवले नाहीत. ते अतिवापराने झिजले. मागणी इतकी होती की मूळ निगेटिव्हवरून प्रतींमागून प्रती निघत राहिल्या, निगेटिव्ह ओरखड्यांनी भरले, मग प्रतींवरून निगेटिव्ह आणि त्यावरून पुन्हा प्रती असा क्रम सुरू झाला, आणि प्रत्येक पिढीत चेहऱ्यावरचा थोडा थोडा तपशील पुसला गेला. ज्याला पांढरा चेहरा आणि काळ्या मिशा एवढेच शिल्लक राहतात, तो नट डोळ्यांनी काय करतो हे प्रेक्षकाला कळणार कसे? आणि चॅप्लिनचा निम्मा विनोद तर डोळ्यांत आहे.

त्याहून मोठे नुकसान १९३२ नंतर झाले. बोलपट आले होते. व्हॅन ब्यूरेन या कंपनीने हे बाराही चित्रपट विकत घेतले, त्यांना संगीत आणि धडामधुडुम आवाज जोडले आणि आरकेओ या चित्रपट कंपनीमार्फत ते पुन्हा चित्रपटगृहांत लावले. पुढच्या अनेक दशकांत दूरचित्रवाणीवर आणि घरगुती प्रतींत जे म्युच्युअल चॅप्लिनपट फिरले, त्यांतील पुष्कळसे या आवृत्तीचे वंशज होते. या आवृत्तीत दोन गोष्टी घडल्या. फिल्मच्या डाव्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा हवी म्हणून चित्राची तेवढी कड गेली. आणि बोलपटाचा वेग दर सेकंदाला २४ चौकटी असा ठरलेला असल्यामुळे, हाताने कॅमेरा फिरवून त्याहून कमी वेगाने टिपलेली दृश्ये घाईघाईने पळू लागली.

कडेची एक पट्टी गेल्याने काय बिघडते, हे पाहायचे असेल तर या संचातील ‘वन ए.एम.’ लावावा. एक झिंगलेला श्रीमंत माणूस रात्री एक वाजता घरी येतो आणि वरच्या मजल्यावरील पलंगापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतो, एवढीच त्याची कथा. सुरुवातीचा टॅक्सीवाला सोडला तर पडद्यावर चॅप्लिन एकटा. त्या दिवाणखान्यात डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन जिने वर जातात, मध्ये गोल मेज आहे आणि वर भल्यामोठ्या घड्याळाचा लंबक हेलकावे घेतो आहे. सारा विनोद या समतोल रचनेवर उभा आहे: डावा जिना फसवतो म्हणून उजवा, उजवा फसवतो म्हणून पुन्हा डावा. एक बाजू कापली की तो समतोलच ढळतो, आणि उरते ती एका माणसाची निष्कारण घसरगुंडी. संचातील प्रतीत दोन्ही जिने पूर्ण दिसतात, आणि आपण घराची बांधणी समजून घेऊन, पुढे काय कोसळणार याचा अंदाज बांधत हसू लागतो.

वेगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्या काळी ठराविक वेग नव्हता. कॅमेरामन हाताने दांडी फिरवी, आणि विनोदपटांत काही हालचाली चपळ दिसाव्यात म्हणून मुद्दाम सावकाश फिरवी. त्यामुळे प्रत्येक माणूस रस्त्यावर चालतो तसा चालताना दिसावा, असा हट्ट धरला तर तोही मूळ हेतूशी प्रतारणा ठरतो. या संचात वेग एकंदरीत विचारपूर्वक ठरवलेला आहे असे माझे मत झाले. ‘द रिंक’मधील चाकांच्या बुटांवरची गिरकी चपळच आहे, पण ‘द पॉनशॉप’मधील गजराच्या घड्याळाचा प्रसंग जितका सावकाश हवा तितका सावकाश आहे. गहाण ठेवायला आणलेले ते घड्याळ चॅप्लिन आधी डॉक्टरसारखा छातीला नळी लावून तपासतो, बोटाने ठोकून पाहतो, मग डबा उघडण्याच्या चावीने ते उघडतो, हुंगतो, आतली स्प्रिंग ओढून काढतो, मेजावर वळवळणाऱ्या तुकड्यांवर तेल टाकतो आणि शेवटी सगळा चुराडा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून, हे काही घेता येणार नाही, अशा मानेने परत करतो. गंमत आहे ती त्याच्या गांभीर्यात आणि समोर उभ्या असलेल्या अल्बर्ट ऑस्टिनच्या सुन्न चेहऱ्यात. वेग वाढला की गांभीर्य जाते, आणि गांभीर्य गेले की प्रसंगच उरत नाही. हा प्रसंग पाहताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा इतका सावकाश काम करतो होय! आम्हाला वाटायचं, चार्ली म्हणजे नुसती पळापळ.” जीर्णोद्धाराविषयी, म्हणजे खराब प्रतींतून चित्रपटाला मूळ रूप परत मिळवून देण्याच्या कामाविषयी, याहून नेमके मी काही लिहू शकणार नाही.

हे काम कसे झाले, तेही जाणून घेण्यासारखे आहे. पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स आणि इटलीतील बोलोन्या शहरातील चिनेतेका हे फिल्मसंग्रहालय यांनी जगभरच्या संग्रहांतून या चित्रपटांच्या ३५ मिलिमीटर प्रती जमवल्या, त्या २के, म्हणजे आडवे सुमारे दोन हजार बिंदू टिपणाऱ्या, दर्जाने स्कॅन केल्या आणि प्रत्येक दृश्यासाठी उपलब्ध असलेला उत्तम भाग निवडून चित्रपट पुन्हा जोडले. इथे एक अडचण आहे. मूकपटांच्या काळात देशांतर्गत वितरणासाठी एक आणि परदेशासाठी एक अशी दोन निगेटिव्ह करण्याची प्रथा होती. कधी शेजारी उभ्या केलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याने, कधी दुसऱ्यांदा केलेल्या चित्रणातून. म्हणजे एका प्रतीत ओरखडा पडला म्हणून तेवढा तुकडा दुसऱ्या देशातील प्रतीतून उचलावा, तर तिथे कॅमेऱ्याचा कोन किंचित वेगळा आणि कदाचित अभिनयही वेगळा निघतो. कोणता तुकडा कोणत्या वंशावळीचा, हे चौकटीगणिक ताडून पाहावे लागते. जोडकामाच्या खुणा काही ठिकाणी दिसतात: स्वच्छ दृश्यानंतर एकदम मऊ, धूसर दृश्य येते आणि पुन्हा चित्र उजळते. बारा चित्रपटांचा दर्जा एकसारखा नाही, हे संच घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. परंतु दोष लपवण्यासाठी चित्र घोटून गुळगुळीत केलेले नाही, फिल्मचा मूळचा दाणेदारपणा दिसतो, कापडाची वीण दिसते, आणि जिथे मूळच हाती लागले नाही तिथे ते तसेच प्रामाणिकपणे ठेवलेले आहे. मला हे धोरण अतिशय योग्य वाटते.

संचातील सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, यावर आमच्या घरी एकमत झाले नाही. माझे मत ‘द इमिग्रंट’च्या बाजूने आहे. पहिल्याच दृश्यात बोटीच्या कठड्यावर ओणवा झालेला, पाठमोरा चॅप्लिन पोटातून ढवळल्यासारखा पाय झाडतो आहे. सगळी बोट आजारी असल्यामुळे त्यालाही बोट लागली आहे असेच आपण समजतो, आणि तो वळतो तेव्हा हातात गळाला लागलेला मासा असतो. पुढे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, सगळे स्थलांतरित डोळे भरून तिकडे पाहतात, आणि त्याच क्षणी अधिकारी येऊन त्यांना दोरखंडाने गुरांसारखे एका बाजूला बांधतात. चॅप्लिन पुन्हा एकदा पुतळ्याकडे पाहतो. ही दुसऱ्यांदा वळलेली नजर धूसर प्रतीत दिसत नाही. इथे ती दिसते, आणि तिच्यामुळे पुढचे सगळे वेगळे होते: उपाहारगृहातील घेवड्याची बशी, दहा सेंट कमी पडले म्हणून वेटरांनी बदडून काढलेला माणूस, रस्त्यात सापडलेले नाणे खिशाच्या भोकातून गळून गेल्याचे लक्षात येताच चॅप्लिनच्या तोंडावर पसरणारी भीती, आणि समोर एरिक कॅम्पबेलचा अवाढव्य वेटर. गरिबीत बिल येण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत जितके कळते तितके अनेक गंभीर चित्रपटांत कळत नाही. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये चॅप्लिनच्या न वापरलेल्या चित्रणावर केलेल्या ‘अननोन चॅप्लिन’ या मालिकेत दाखवले आहे की हा चित्रपट मुळात उपाहारगृहापासूनच सुरू झाला होता आणि बोटीचा भाग नंतर सुचला. आधी शेवट, मग सुरुवात, असे हे काम झाले असूनही सांधा कुठे दिसत नाही.

‘ईझी स्ट्रीट’ त्याच्या खालोखाल. पोलीस झालेला चॅप्लिन आणि गल्लीचा गुंड कॅम्पबेल यांच्यातील गॅसच्या दिव्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे: ताकद दाखवण्यासाठी गुंड दिव्याचा खांबच वाकवतो आणि चॅप्लिन त्याच्या पाठीवर उडी मारून त्याचे डोके दिव्यात कोंबून गॅस सोडतो. नव्या प्रतीत प्रथमच जाणवली ती त्या गल्लीची दशा: भिंतींचे पोपडे, मुलांनी गच्च भरलेली खोली, आणि सुई टोचून घेणारा व्यसनी. विनोदपटात हे सगळे १९१७ साली आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ‘द क्यूअर’मधील फिरता दरवाजा आणि दारू मिसळलेले आरोग्यदायी पाणी मुलांना सर्वांत आवडले. ‘द फ्लोअरवॉकर’मधील सरकत्या जिन्यावरचा पाठलाग आजही ताजा आहे, आणि ‘बिहाइंड द स्क्रीन’मध्ये पाठीवर खुर्च्यांचा डोंगर घेऊन साळिंदरासारखा दिसणारा चॅप्लिन पाहण्यासाठी तरी तो चित्रपट पाहावाच. ‘द व्हॅगाबाँड’मध्ये चॅप्लिनच्या पुढच्या ‘द किड’ या चित्रपटाची चाहूल लागते. ‘द काउंट’ आणि ‘द फायरमन’ मला बेताचे वाटले. स्वच्छ प्रतीनेही ते फारसे वर येत नाहीत.

संगीत निरनिराळ्या संगीतकारांनी नव्याने केलेले आहे. घरच्या खोलीत मोठ्या वाद्यवृंदापेक्षा एकट्या पियानोची साथ मला अधिक भावली. वाद्यवृंद कधीकधी विनोद आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे मूकपटांना पेटी आणि तबल्याची साथ असे, हे जुन्या मंडळींकडून ऐकलेले होते. शेजारच्या एका विद्यार्थ्याने आवाज बंद करून ‘द रिंक’ला तबल्याची साथ केली, आणि ती पुष्कळच रंगली. दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीत आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि मजकूर सोपा आहे. आपल्या मूकपटांत दोन-तीन भाषांतील पाट्या असत. बडोद्यात घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांसाठी तशी सोय असती तर बरे झाले असते. तूर्त एखाद्या मोठ्या माणसाने शेजारी बसून पाट्या मोठ्याने वाचाव्यात. मुले लगेच अर्थ लावतात.

जोडीला दोन माहितीपट आहेत. ‘द बर्थ ऑफ द ट्रॅम्प’ चॅप्लिनच्या सुरुवातीच्या वर्षांचा आहे. तो माहितीपूर्ण असला तरी जाणकारांना त्यात नवे थोडे मिळेल. ‘चॅप्लिन्स गोलायथ’ हा एरिक कॅम्पबेलवरील माहितीपट मात्र चुकवू नये. ‘वन ए.एम.’ वगळता बाकीच्या अकराही चित्रपटांत हा धिप्पाड नट आहे, आणि शेवटचा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर दोनच महिन्यांत, २० डिसेंबर १९१७ रोजी, मोटार अपघातात तो गेला. चॅप्लिनला त्याच्या तोडीचा खलनायक पुन्हा मिळाला नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे हे मूळ चित्रपट कधीच मुक्त झाले आहेत आणि इंटरनेटवर फुकट सापडतात. मग संचासाठी पैसे का मोजावेत, असे मला अनेकांनी विचारले. फुकट मिळणाऱ्या अनेक प्रती त्याच जुन्या, कापलेल्या आणि पळणाऱ्या आवृत्तीच्या आहेत. ‘द पॉनशॉप’ची अशी एक प्रत आणि संचातील प्रत लागोपाठ पाहावी, प्रश्न तिथेच सुटेल. शिवाय जगभरच्या प्रती गोळा करून चौकटीगणिक ताडण्याचे काम कोणीतरी पैसे मोजल्याखेरीज पुढे होणार नाही. आपण हे काम वेळेवर केले नाही, म्हणून दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपूर्ण पाहावा लागतो. आणि मूकपटकाळातील भारतीय विनोदपट पाहायचा म्हटले तर १९३१ च्या बंगाली ‘जमाई बाबू’सारखे एखादेच नाव हाताशी असते.

एकेका घराने संच घेण्यापेक्षा येथील एखाद्या मराठी मंडळाने किंवा वाचनालयाने तो घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानच्या ग्रंथालय खात्याला दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती आणि कुडाळकरांसारखे अधिकारी पुस्तकांच्या पेट्यांबरोबर मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवणारे यंत्र) आणि सिनेमायंत्रही खेड्यापाड्यांत पाठवत असत. फाळके स्वतः इथल्या कलाभवनात शिकले. रावपुऱ्यातील किंवा मांडवीतील एखाद्या सभागृहात महिन्याला दोन लघुपट दाखवले तरी अर्ध्या वर्षाचा कार्यक्रम तयार होतो.

घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’ प्रदेशात येतो, तेव्हा पाकिटावरील प्रदेशचिन्ह पाहून मगच मागणी नोंदवावी. माझ्याकडील प्लेअर सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा आहे, त्यामुळे अडचण आली नाही. पाहताना दूरचित्रवाणी संचाच्या तीन जुळण्या बदलाव्यात. चित्र ताणून पडदाभर करणारी सोय बंद करावी. हे चित्रपट जवळजवळ चौरस आहेत आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. हालचाल मऊ करणारी सोयही बंद करावी, नाहीतर काळजीपूर्वक ठरवलेला वेग पुन्हा बिघडतो. आणि ओव्हरस्कॅन नावाची जुळणी काढून टाकावी, कारण ती चित्राच्या चारही कडा गुपचूप छाटते, म्हणजे पॅरिस आणि बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी परत मिळवलेली डावी कड आपणच आपल्या घरी पुन्हा गमावतो.

लहान मुले असतील तर सुरुवात ‘द क्यूअर’ने करावी, मोठ्यांनी ‘द पॉनशॉप’ने, ‘द इमिग्रंट’ आणि ‘ईझी स्ट्रीट’ एकाच बैठकीत, याच क्रमाने पाहावेत. ‘द फायरमन’ सर्वांत शेवटी ठेवला तरी चालेल.